गॅलरीतलं उलटं मडकं

कुंभारणीचं घर मोडू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे ते सगळ्यांना ठाऊकच असतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, चौकटीवर नाहीतर फोटोच्या मागे चिखलाच्या गोळ्या आणून मडकं बांधणारी. तिने घर केलं की पाळणा हलणार म्हणतात. घरात पोटुशी बाई असेल तर त्या मडक्याला कोणी बोटसुद्धा लावत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी लावलं. गणपतीआधी भिंतींना चुना द्यायचा होता. खिडकीच्या वर दोन मडकी होती, ती मी उलथण्याने खरवडून काढली. मला तेव्हा दिवस गेलेले होते, पण तीन महिने व्हायचे होते म्हणून बाहेर सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, तुझं काही चुकलेलं नाही. पण आत्यासासूबाई माझ्या खाटेशी बसून म्हणाल्या, "मोडलंस ना गं तिचं घर." एवढंच. रागाने म्हणाल्या असत्या तर मी विसरले असते. त्या अगदी हळू म्हणाल्या.

पुढे चार वर्षं काही नाही. मग नवऱ्याच्या कंपनीने त्यांना कॉम्प्युटरच्या कामावर जपानला पाठवलं, आणि मीही गेले. ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही टोकियोजवळ ग्योतोकुला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. हे सकाळी सातला ट्रेनने जायचे ते रात्रीच यायचे. मी सातवी शिकलेली. आईच्या आजारपणात शाळा सुटली ती सुटलीच. आसपास दोन-तीन आपली कुटुंबं होती, पण त्या बायका बीएस्सी, बीकॉम, माझ्याशी चांगल्या वागायच्या आणि मी त्यांच्यासमोर गप्प बसायचे. मला सगळ्याची भीती वाटे. फोन वाजला की भीती, बेल वाजली की त्याहून जास्त. कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी खाली ठेवली तर कोणी परत आणून देईल, ही भीती. एकदा खरंच परत आली. आणून दिली ती शेजारच्या बाईंनी.

त्या सत्तरीच्या होत्या, एकट्या राहायच्या. पिशवी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि आत येऊन जमिनीवर बसल्या. माझा कचरा वर्तमानपत्रावर पसरला आणि एकेक वस्तू उचलून दाखवू लागल्या. हे जळतं. हे जळत नाही. ही बाटली, हिचं बूच वेगळं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण त्या मधेच मेथीची एक काडी उचलून, नाकाशी धरून म्हणाल्या, "हं! छान वास." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. त्या मला "ओकुसान" म्हणायच्या, म्हणजे वहिनी म्हणतो ना तसं. आमच्या दोन गॅलऱ्यांमधे आडभिंत म्हणून नुसती एक पातळ पाटी होती. आग लागली तर ही लाथ मारून फोडायची आणि माझ्याकडे यायचं, असं त्यांनी मला पाय उचलून दाखवलं होतं. ऊन पडलं की पलीकडून त्यांच्या गाद्या झोडपल्याचा आवाज यायचा. फुतोन म्हणतात त्या गाद्यांना. कठड्यावर टाकायच्या आणि वेताच्या झोडपण्याने मारायच्या. थप, थप, थप. मग सगळा कठडा, ती पाटी, माझे कपड्यांचे चिमटेसुद्धा थरथरायचे.

मे महिन्यात मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. माझ्याबरोबर दवाखान्यात त्याच बाई आल्या होत्या. डॉक्टरांचं जपानी त्या मला सोप्या जपानीत सांगत होत्या, आणि उरलेलं हातांनी.

आणि त्याच आठवड्यात गॅलरीच्या कोपऱ्यात, पाटीच्या अगदी वर, छताला एक माशी घर बांधताना दिसली.

एकटीच होती. यायची, डोकं हलवत एक काठ वाढवायची, जायची. चार-सहा दिवसांत मडकं झालं, उलटं टांगलेलं, खाली लांब नळीसारखी मान. रंग मातीचा. मी कपडे वाळत घालायचं सोडून खालीच बसले आणि रडले. इतक्या लांब, समुद्र ओलांडून, ती मला शोधत आली असं वाटलं. अंगाने ती आपल्या कुंभारणीहून बरीच थोराड होती, पण मी मनाशी म्हटलं, इथली असेल. इथे काकडी बोटाएवढी, वांगं लिंबाएवढं, तर माशी मोठी असायला काय हरकत आहे?

आईला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "तिला हुसकू नको. जावईबापूंनाही सांग, झाडू लावू नका म्हणावं." मी त्यांना काहीच सांगितलं नाही. ते गॅलरीत कधी फिरकायचेच नाहीत. मी दोरीचं ते टोक सोडून दिलं, कपडे अलीकडेच दाटीवाटीने घालू लागले.

मग पावसाळा आला, तिथला चिकचिक पाऊस, आणि मला तिसरा सरून चौथा लागला. मी दिवस मोजत होते. रोज सकाळी उठले की आधी चादर बघायची, मग गॅलरीत जाऊन मडकं बघायचं. दोन्ही ठीक असलं की चहा ठेवायचा.

एके सकाळी मडक्याची मान खाली पडलेली दिसली. मी वाकून तो तुकडा उचलला, आणि तो हाताला लागलाच नाही, इतका हलका. माती नव्हतीच ती. कागद होता. ओला होऊन वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा, त्यावर करड्या-तपकिरी रेघा. मी वर बघितलं. मानेच्या जागी आता बाजूला एक गोल भोक होतं, आणि त्या भोकातून एक पिवळट तोंड माझ्याकडे बघत होतं. त्याच्या मागे दुसरं.

कुंभारीण कधी कुटुंब करत नाही. ती एकटी बांधते, आत अळ्या कोंडते, अंडं घालते आणि निघून जाते. घरात असं कोणी राहत नाही, दारातून डोकावत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी तो तुकडा तांदळाच्या डब्यामागे लपवला आणि स्वतःला सांगितलं, इथली तऱ्हा असेल. माणसाला जे मोडायचं नसतं त्याला तो किती कारणं शोधतो!

जुलैमधे एकदा बाई आणि मी भाजी घेऊन जिना चढत होतो. एक मोठी माशी घोंघावत आली आणि आमच्या डोक्यावरून गेली. एवढंच झालं. पण बाईंनी, ज्या कधी घाई करायच्या नाहीत त्यांनी, मला ढकलत माझ्या घरात नेलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पिशवीतले टोमॅटो चपलांमधे घरंगळत गेले.

"सुझुमेबाची," त्या म्हणाल्या.

चिमणीएवढी माशी, असा त्याचा अर्थ. मग बाही वर करून दंडावरची एक जुनी खूण दाखवली. लहानपणी गावी चावली होती. तेव्हा नुसता हात सुजला. चाळिशीत कुंपणाची झाडं कापताना पुन्हा चावली, तेव्हा श्वास बंद झाला, दोन दिवस इस्पितळात. "डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा चावली," आणि त्यांनी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकली. मग स्वतःच हसल्या. मी नाही हसले. आमच्या मागे, काचेच्या दाराच्या पलीकडे, ते मडकं लटकत होतं. आता ते नारळाएवढं झालं होतं.

मंगळवारी मी गावच्या कोमिन्कानमधे, म्हणजे आपल्या समाजमंदिरासारखं असतं तिथे, भाषा शिकायला जायचे. एक निवृत्त शिक्षिका फुकट शिकवायच्या. त्यांना आम्ही सेन्सेई म्हणायचो. त्या आठवड्यात मी वहीत प्रश्न लिहून नेले. आधी मराठीत लिहिले, मग एकेक अक्षर जोडून जपानीत. तोवर मी वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे सेन्सेईंना इतका आनंद झाला की त्यांनी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आणून सगळ्या वर्गालाच तो धडा दिला.

चावली की मरते का, हा माझा पहिला प्रश्न. "मधमाशी मरते," सेन्सेई म्हणाल्या, "तिचा काटा तुटून राहतो. हिचा तुटत नाही." आणि पेन्सिलीचं टोक बाकावर टोचून दाखवलं, "परत. परत. परत."

"सगळ्याच चावतात?"

"फक्त बायका."

माझ्या शेजारी एक फिलिपिनो बाई बसायची. ती म्हणाली, "आमच्याही घरी तसंच," आणि सगळे हसले.

सेन्सेई पुढे सांगत होत्या आणि चित्रं दाखवत होत्या. लांब पायांच्या सडपातळ माश्या उघडं पोळं बांधतात, त्या आपल्या वाटेला फारशा जात नाहीत. जमिनीत बिळात राहणारी राक्षसी जात असते, ती सगळ्यात वाईट. पण वाईट तरी का म्हणायचं, त्या पिकावरच्या अळ्या मारतात. त्या आपल्यामागे येत नाहीत, आपण त्यांच्या घराशी जातो. हादरा बसला, झाड हललं, कोणी काही आपटलं, की त्या बाहेर पडतात. आल्या तर हात झाडायचे नाहीत, खाली वाकून हळूहळू मागे सरकायचं. काळ्या रंगावर त्या आधी धावतात. वर्गातल्या आम्ही सगळ्या बायकांनी एकदमच आपापल्या केसांवरून हात फिरवला.

मग पान उलटलं आणि माझं मडकं समोर आलं. उलटं, लांब मानेचं. खाली दुसरं चित्र, मान गळलेली, गोल झालेलं, बाजूला भोक. तिसऱ्या चित्रात ते फुटबॉलएवढं. सेन्सेई म्हणाल्या, याला आम्ही दारूच्या सुरईसारखं घर म्हणतो. मेमधे एकटी राणी बांधते. मग तिच्या मुली बाहेर येतात, आणि सप्टेंबरात घर सगळ्यात मोठं, आणि त्या सगळ्यात रागीट.

"कधी जातात?" मी विचारलं.

"थंडी पडली की सगळ्या मरतात. नव्या राण्या तेवढ्या कुजक्या लाकडात झोपतात. जुन्या घरात कोणी परत येत नाही." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हे कुठे पाहिलंत?"

"गावी," मी म्हटलं. "भारतात."

"अच्छा, भारतात," असं म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची मला आजही लाज वाटते.

घरी येताना मी फक्त हिशोब करत होते. नोव्हेंबर संपता संपता त्या आपोआप मरतील. मला डिसेंबरअखेरची तारीख होती. म्हणजे कोणी काही मोडायची गरजच नव्हती. मी गप्प राहायचं, गॅलरीचं दार लावून ठेवायचं, आणि थंडीची वाट बघायची. चौथा महिना सुखरूप गेला होता ना? मडकं होतं म्हणूनच गेला, असं मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं. आणि देवाने तेवढीही सोय केली. ऑगस्ट लागताच बाई उत्तरेला लेकीकडे गेल्या. महिनाभर पलीकडून थप, थप ऐकू आलं नाही. मी रोज त्या शांततेला नमस्कार करायचे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेल वाजली. बाई उभ्या होत्या, उन्हाने रापलेल्या, हातात नाशपातींची पिशवी. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी दोन्ही गालांना हात लावले. "केवढं मोठं झालं!" त्या पोटाबद्दल बोलत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी आलं. जाताना म्हणाल्या, "घर बंद होतं, सगळ्याला कुबट वास येतोय. उद्या ऊन आहे म्हणे. उद्या सगळे फुतोन बाहेर."

रात्री हे आल्या आल्या मी सांगितलं. सगळं. यांनी काचेला नाक लावून बघितलं आणि मागे सरकले. "अगं, वेडी आहेस का तू? हे चार महिने इथे आहे?"

"कुंभारीण वाटली मला."

"कुंभारीण!" ते हसायला गेले, पण मग त्यांना खाट, आत्या, सगळं आठवलं असणार. खाली बसले. "घरमालकाला कळलं तर... कंपनी जामीन आहे गं घराला. थांब, उद्या ऑफिसात कोणाला तरी विचारतो."

"उद्या सकाळी त्या गाद्या झोडपणार."

"त्यांना सांग ना मग, झोडपू नका म्हणून."

"आणि का, ते काय सांगू?"

सकाळी ते सातला गेले, बूट घालताना तीनदा म्हणाले, "दार उघडू नकोस हं गॅलरीचं."

साडेआठला ऊन पाटीपर्यंत आलं. मी स्वयंपाकघरात एक हात पोटावर ठेवून उभी होते. पलीकडे काचेचं दार सरकलं. बाई काहीतरी गुणगुणत होत्या. कठड्यावर पहिली गादी पडली, तेवढ्यानेच चिमटे किणकिणले, आणि कोपऱ्यातल्या भोकातून दोन बाहेर आल्या, भिंतीवर चालल्या, परत आत गेल्या. बाई आत जाऊन दुसरी गादी आणत असणार. मग झोडपणं. पोटातलं बाळ त्याच वेळी फिरलं, हे मी बनवून सांगत नाही. मला वाटलं, ते म्हणतंय, आई, मोडू नको. मग वाटलं, ते काही म्हणत नाहीये, त्याला नुसतं फिरायचं आहे.

मी अनवाणी बाहेर पळाले आणि त्यांची बेल दाबली. त्या देशात दुसऱ्याची बेल मी त्या दिवशी पहिल्यांदा दाबली. दाबली ती दाबूनच धरली.

बाई झोडपणं हातात घेऊनच आल्या. मला एवढंच बोलता आलं, "फुतोन नको. माशी. माझी गॅलरी. मोठं घर." आणि मग, जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. "मला माहीत होतं. मेपासून."

बाई माझ्या घरात आल्या आणि काचेतून बघितलं. त्या दिवशी ते कलिंगडाएवढं होतं, त्याच्यावर शिंपल्यांसारख्या रेघा, खरं सांगायचं तर सुंदर दिसायचं. बाई जिथे होत्या तिथेच खाली बसल्या. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी पुन्हा बोलणार नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. शब्द नव्हते तिथे हातांनी. मडकं. उलथणं. पोट. रिकामं पोट. मग हे मडकं, हे पोट. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या उठल्या, माझ्याच फोनवरून नगरपालिकेच्या कचेरीत बोलल्या, आणि फोन ठेवून माझ्यापुढे येऊन बसल्या. कचरा शिकवताना बोलल्या होत्या तशा, एकेक शब्द सुटा करून.

"तू मोडत नाहीस. फोन मी केला. नाव माझं दिलं. मोडणारी मी. माझी मुलं मोठी झाली, मला कोण काय करणार? कळलं?"

दुपारी पांढऱ्या जाड पोशाखातला, तोंडाला जाळी लावलेला माणूस आला. बाईंनी मला त्यांच्या आतल्या खोलीत बसवलं, पडदा ओढला आणि माझे कान आपल्या हातांनी झाकले. तरी तो घोंघाट ऐकू आलाच, कढईतलं तेल तापावं तसा, आणि मग थांबला. त्या माणसाने कागदावर सही बाईंचीच घेतली. मी त्यांच्या पायाला हात लावला तर त्या दचकून मागे सरकल्या. त्यांना वाटलं मी घेरी येऊन पडले.

पुढचे साडेतीन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. जरा कंबर दुखली की आत्याबाईंचा तो हळू आवाज कानात यायचा. बाई रोज सकाळी भिंतीवर दोन टकटक करायच्या, मी दोन परत करायचे. डिसेंबरात मुलगी झाली. सुखरूप.

आणि पुढच्या मेमधे, कोपऱ्यात नाही, जरा अलीकडे, छताला पुन्हा एक देठ दिसला. त्याला उलटी वाटी, लिंबाच्या फोडीएवढी. एक माशी डोकं हलवत काठ वाढवत होती.

या वेळी ती कोण ते मला माहीत होतं. मी बेल दाबली. बाई आल्या आणि काचेतून बघितलं. एकटी राणीसुद्धा चावते, आणि त्यांना एकच पुरे होती. कचेरीला फोन करायला त्या उठल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि मुलगी त्यांच्या मांडीवर दिली.

कपडे वाळत घालायचा लांब दांडा घेतला. केसांना पांढरा टॉवेल गुंडाळला. काचेआड बाई मुलीचं तोंड स्वतःच्या छातीशी धरून उभ्या होत्या. माशी उडून गेली, मी मनात शंभर मोजले, आणि "माफ कर बाई मला" असं मोठ्याने म्हणून दांडा मारला. दोन फटके चुकले. तिसऱ्याला ते खाली पडलं. आत सहा-सात कोनाडे होते, प्रत्येकात तांदळाच्या कणीएवढं एक पांढरं अंडं. ते मी बघायला नको होतं. मी चपलेने चिरडलं आणि आत येऊन दार लावलं.

थोड्या वेळाने ती परत आली. जिथे घर होतं तिथे घिरट्या घालत राहिली, दुपारपर्यंत. मी मुलीला घेऊन पडद्याआड बसून होते. त्या आठवड्यात पोर नुसती शिंकली तरी मी तिचं कपाळ चाचपायचे. तिला काही झालं नाही. आजवर झालेलं नाही, तरी हे लिहितानाही मी लाकडी टेबलाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. पलीकडे दार सरकलं, कठड्यावर गादी पडली. थप, थप, थप. चिमटे किणकिणले. मुलगी दचकली, आणि मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहिले, वर कोपऱ्याकडे बघत, त्यांच्या सगळ्या गाद्या झोडपून होईपर्यंत.